नवस आणि पुढची तारीख

लेकीच्या रक्ताच्या कॅन्सरवर उपचार सुरू झाले आणि पहिल्याच महिन्यात तिचा ताप उतरला. अंगावरचे लाल ठिपके विरले, हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, पाय दुखतात म्हणून रात्रभर चालणारं रडणं बंद झालं. महिनाअखेरीला बोन मॅरोची तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "छान. रेमिशन आहे." मी परळहून कऱ्हाडला फोन लावला. आईने पुढचं काही ऐकलंच नाही. शेजारच्या पोराला गाडी काढायला लावून ती दुपारीच पालला गेली, खंडोबापुढे नारळ फोडला, भंडारा उधळला आणि संध्याकाळी मला म्हणाली, "देवानं ऐकलं बघ. आता घेऊन ये पोरीला घरी."

माझ्या हातात त्या वेळी एक कागद होता. पुढच्या अडीच वर्षांच्या उपचारांचं वेळापत्रक त्यावर छापलेलं होतं.

आजारी लेकरासाठी आईबाप देवाला साकडं घालतात, तेव्हा लोकांना धास्ती असते ती नवस न फळण्याची. मला लवकर फळलेल्या नवसाची जास्त भीती वाटते. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, वॉर्डाबाहेरच्या बाकांवर बसून मी जे पाहिलं, त्यातून ही भीती आली आहे, आणि ज्यांच्या घरात आज असं मूल आहे त्यांच्यासाठी ती लिहून ठेवावीशी वाटते.

आमच्या मुलीला झाला तो अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो. निदान होतं तेव्हा बिघडलेल्या पेशींचा आकडा एकावर बारा शून्यं देण्याइतका मोठा असू शकतो. पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या किमोने त्यातल्या बहुतेक सगळ्या मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसतो. त्याला रेमिशन म्हणतात. पण त्या वेळीही अब्जावधी पेशी दडून राहिलेल्या असू शकतात. मला हे आकड्यांत सांगितलं होतं, तरी डोक्यात शिरत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे वडील बार्शीकडचे शेतकरी. त्यांनी एका वाक्यात समजावलं. म्हणाले, "लव्हाळा आहे हो हा. वरनं खुरपून काढला की रान साफ दिसतं, पण खाली गाठी तशाच राहत्यात. पुन्हा पुन्हा काढत राहावं लागतं." नंतर मी कितीतरी लोकांना हेच वाक्य सांगत आलो.

पण घरच्यांना रान साफ दिसत असतं. त्यातच पहिल्या महिन्यात स्टेरॉइड चालू असतात. मूल सारखं खायला मागतं. आमची लेक पहाटे उठून वरणभात मागायची, आणि दिला की वर बटाट्याची भाजी मागायची. गाल गोल होतात, चेहरा भरतो. भेटायला आलेले नातेवाईक म्हणतात, बाळसं धरलंय पोरीनं. महिन्यापूर्वी पांढरंफटक पडलेलं लेकरू हसतंय, खातंय, ताप नाही. अशा वेळी ज्याने देवाला काही बोलून ठेवलंय, त्याला आपलं बोलणं पोचलं असं वाटणारच. मी आईला दोष देत नाही. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

एक कुटुंब मी विसरू शकत नाही. मुलगा सात-आठ वर्षांचा असेल. गाव लांबचं, थोरली मुलगी आजीपाशी ठेवलेली, काढणीला आलेलं पीक शेतात. त्यांनी देवीला बोकड बोलला होता. रेमिशनचा रिपोर्ट मिळाल्यावर ते नवस फेडायला म्हणून गेले आणि पुढच्या तारखेला आले नाहीत. मूल पोरांत खेळत होतं, जेवत होतं. गावातलं कोण त्यांना सांगणार, की या खेळणाऱ्या पोराला पुन्हा सुया टोचायला मुंबईला न्या? नवस फेडायला काढलेलं कर्ज वेगळंच. ते परत आले तेव्हा आजार उलटला होता, आणि उलटलेला ल्युकेमिया पहिल्यापेक्षा फार हट्टी असतो. त्या आईच्या भक्तीत कणभरही खोट नव्हती. तिला कुणी एवढंच सांगायला हवं होतं, की हा गुण अर्ध्या वाटेवरचा आहे.

ही गोष्ट डॉक्टरांनाही अशीच कळली, हे मला नंतर वाचताना समजलं. १९४७ पर्यंत या आजाराला औषध नव्हतं. मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं. आईबापांकडे त्या काळी खरोखरच प्रार्थनेवाचून काही नव्हतं, आणि त्यांनी ती माझ्याहून कमी केली असेल असं मी म्हणू धजत नाही. मग बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन नावाचं औषध मुलांना देऊन पाहिलं. ते तयार झालं होतं भीमावरमहून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली. सुब्बाराव यांचे दोन भाऊ स्प्रू नावाच्या आतड्यांच्या आजाराने थोड्या अंतराने गेले होते, आणि त्या आजारावर उपयोगी पडणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडपाशी त्यांचं संशोधन पुढे पोचलं. अमिनोप्टेरिन हे त्याच फॉलिक अ‍ॅसिडची वाट अडवणारं औषध. फार्बर यांनी १९४८ साली जाहीर केलं, की १६ मुलांपैकी १० जणांना गुण आला. गुण आला, आणि काही महिन्यांत आजार परत आला. एका औषधाने भागत नाही, चार औषधं एकत्र द्यावी लागतात, मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यात दडलेल्या पेशींसाठी पाठीतून इंजेक्शन द्यावं लागतं, आणि मूल धडधाकट दिसत असतानाही वर्षानुवर्षं औषध चालू ठेवावं लागतं, हे कळायला पुढची वीस वर्षं गेली. अमिनोप्टेरिनचा भाऊ म्हणावा असा मेथोट्रेक्सेट आमच्या लेकीच्याही कागदावर होता. आठवड्यातून एकदा.

आणि यात एका नवसाची गोष्ट आहे. डॅनी थॉमस नावाचा एक नट डेट्रॉइटमध्ये हलाखीत दिवस काढत होता. बायको बाळंतपणाला आलेली, दवाखान्याचं बिल भरायला पैसे नाहीत. त्याने खिशातले शेवटचे सात डॉलर चर्चच्या पेटीत टाकले आणि प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच्या दसपट पैशांचं काम मिळालं. पुढे पुन्हा अडचणीत असताना तो सेंट ज्यूडला बोलला, मला वाट दाखव, मी तुझं देऊळ बांधीन. सेंट ज्यूड म्हणजे आशा सुटलेल्यांचा कैवारी. पैसा-नाव मिळाल्यावर त्याने नवस फेडला तो मुलांचं रुग्णालय बांधून. १९६२ साली मेम्फिसला ते उघडलं. तिथेच डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळे उपचार एकत्र गुंफून पहिल्यांदा दाखवून दिलं, की या आजारातली निम्मी मुलं कायमची बरी होऊ शकतात. आज प्रगत देशांत दहातली नऊ होतात. आमच्या हातातला तो अडीच वर्षांचा कागद त्या कामातूनच वाढत आलेला आहे. एका बापाने चर्चच्या पेटीत टाकलेल्या सात डॉलरपासून माझ्या मुलीच्या सलाईनपर्यंत धागा येतो, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. देव ऐकतो की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवला आहे. माणसाने देवाला दिलेला शब्द पाळताना काय उभं केलं, ते माझ्यासमोर आहे.

आपल्याकडेही असं घडतं, फक्त ते आपल्या लक्षात येत नाही. बार्शीच्या त्या शेतकऱ्याला प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाकडून उपचारासाठी मदत मिळाली. मंगळवारी पहाटेपासून रांगेत उभं राहून कुणीतरी आपल्या लेकरासाठी पेटीत टाकलेली नोट दुसऱ्याच कुणाच्या लेकराच्या औषधाला लागली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावोगावचे कॅन्सरचे पेशंट उतरतात. नवसासाठी कर्ज काढू नका, मुक्या जनावराचा जीव घेऊ नका, असं कीर्तनात ओरडून सांगणाऱ्या माणसाच्या नावाने त्यांना छप्पर मिळतं.

वॉर्डात सगळे देव असत. कुणाच्या उशाखाली अंगाऱ्याची पुडी, कुणाच्या दंडाला ताईत, कुणाच्या सलाईनच्या स्टँडला अडकवलेली जपमाळ. एका बुधवारी बिहारकडच्या एका आईला सोबत म्हणून मी माहीमच्या चर्चमध्ये गेलो. बुधवारी तिथे नोव्हेना नावाची प्रार्थना असते, आणि रांगेत साडी, बुरखा, फ्रॉक असं सगळं असतं. बाहेरच्या टपऱ्यांवर मेणाचे अवयव मांडलेले होते. हात, पाय, डोळे, हृदय, आणि मेणाचं बाळ. आजार ज्या अवयवाचा, तो अवयव घेऊन वाहायचा. ती आई विचारात पडली. रक्ताचा अवयव कुठला घ्यायचा? टपरीवालीला हा प्रश्न नवा नसावा. तिने न बोलता बाळ पुढे केलं. वीतभर, पिवळसर, उन्हाने जरा मऊ पडलेलं. त्या आईने ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं आणि रांग संपेपर्यंत बोटं हलू दिली नाहीत. माझ्या मनात त्या वेळी अंधश्रद्धा हा शब्द आला नाही. दुपारी तिच्या मुलाला प्लेटलेट्स चढणार होत्या. त्याआधी तिला कुठेतरी उभं राहायचं होतं, एवढंच मला दिसलं.

मी स्वतः काय करायचो? सलाईन चालू असलं की आईने लहानपणी पाठ करून घेतलेलं स्तोत्र म्हणायचो. मनात. स्टेरॉइडने लेक चिडचिडी झालेली असायची, सुई पाहिली की अंग ताठ करायची, आणि मला तिचे हात धरून ठेवावे लागायचे. बापाने लेकीचे हात नर्ससाठी दाबून धरायचे, ती "बाबा, सांग ना त्यांना" म्हणत असताना. त्या वेळी तोंडात काहीतरी असावं लागतं. नसतं तर माझे हात सुटले असते. प्रार्थनेने औषधाचा परिणाम वाढतो असं मी कुठेही म्हणणार नाही. औषध शिरेत जाईपर्यंत तिने मला तिथे उभं ठेवलं.

कायद्यानेही रेघ मारली आहे ती इथेच कुठेतरी. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी कित्येक वर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर तो आधी अध्यादेश म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. पूजाअर्चा, भजन, कीर्तन, यात्रा, प्रदक्षिणा यांना मात्र तो हात लावत नाही. म्हणजे गुन्हा आहे तो रोखण्यात. हात जोडणाऱ्याशी कायद्याचं भांडण नाही. ज्यांना हा कायदा देवाविरुद्ध वाटतो त्यांनी तो एकदा वाचावा.

आमच्या घरी ही रेघ सापडायला थोडा वेळ लागला. किमोमुळे पांढऱ्या पेशी खाली आल्या की साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. उकळून गार केलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न, गर्दी नाही. आई पहिल्यांदा मुंबईला आली ती पंचामृत घेऊन. कच्चं दूध, दही, मध, आणि वर तुळशीचं पान. स्टीलच्या छोट्या डब्यात, डब्याला फडकं बांधलेलं, रात्रभर एसटीत मांडीवर धरून आणलेलं. मी डबा हातात घेऊन उभा. नको कसं म्हणायचं? तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टरबाई पुढे आल्या. आईच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, देवाला जे द्यायचं ते सगळं द्या. कपाळाला अंगारा लावा. पण मुलीच्या तोंडात काही घालायच्या आधी आम्हाला विचारा. तिच्या अंगात सध्या लढायला शिपाई नाहीत." आई उठली, पंचामृत स्वतः तीर्थासारखं प्यायली, मला दिलं, सुनेला दिलं. म्हणाली, "घरच्यांनी घेतलं म्हणजे तिला पोचलं." तिथून पुढे तिने विचारल्याशिवाय नातीच्या तोंडात बेदाणाही घातला नाही.

दारातल्या सदाफुलीवरूनही एकदा असंच झालं. आई रोज पहाटे ती फुलं देवाला वाहते. व्हिन्क्रिस्टिन हे औषध त्याच झाडातून मिळतं, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. आठ दिवसांत कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, की सदाफुलीच्या पानांचा काढा कॅन्सरवर रामबाण आहे. असे निरोप पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ते झाड विषारी आहे. कारखान्यात त्याच्यातून मिलिग्रॅमच्या मापाने जे वेगळं काढतात, ते मुलाचं वजन-उंची मोजून शिरेतून देतात. काढा पाजायची ती गोष्ट नव्हे. आईने मला विचारलं, मी डॉक्टरांना विचारलं, आणि फूल देवघरातच राहिलं.

सगळ्यात लांबचा टप्पा गोळ्यांचा. त्याला मेंटेनन्स म्हणतात. मूल घरी असतं, केस परत येतात, शाळा सुरू होते, आणि रोज रात्री एक गोळी द्यायची असते. लोक इथेच ढिले पडतात. अमेरिकेतल्या मुलांवरच्या अभ्यासात दिसलं आहे, की ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी पोटात गेल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकल्या तरी आपण त्या रेषेखाली. हे मी आईला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांची पाकिटं देवघरातल्या फळीवर गेली. दिवेलागणीला दिवा लागला की ती पाकीट काढून देवापुढे ठेवायची. रात्री झोपायच्या आधी नातीला गोळी, पाण्याबरोबर. दुधाबरोबर द्यायची नाही हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग कॅलेंडरवरच्या त्या दिवसाच्या चौकटीत कुंकवाचं बोट. आम्ही नवराबायको दमून, कंटाळून, एकमेकांवर चिडून कधी विसरलो असतो. तिच्याकडून एक चौकट कोरी राहिली नाही. डॉक्टरांनी ते कॅलेंडर पाहिलं तेव्हा त्याचा फोटो काढून घेतला.

उपचार संपल्यावर आम्ही सगळे पालला गेलो. आईने नातीचे केस बोलले होते. पण पहिले केस किमोत उशीवरच गळून गेले आणि नवे आले ते कुरळे, दाट. लेक आता मोठी झालेली, तिने साफ सांगितलं, "माझे केस मी परत देणार नाही." आई गप्प झाली. मग स्वतःच म्हणाली, तिचे एकदा गेलेत, ते त्यालाच पोचले असतील. पायरीवर बसून तिने आपल्या डोक्यावरची पांढरी बट कापून वाहिली.

आता भेटणारे म्हणतात, तुमची श्रद्धा फळाला आली. मी हे वाक्य घेत नाही. बार्शीच्या त्या शेतकऱ्याचा मुलगा गेला. त्यांनी एकही तारीख चुकवली नव्हती, एकही वार मोडला नव्हता. पंढरीची वारी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आजार आमच्या मुलीच्या आजाराहून वेगळ्या जातीचा होता, औषधाला दाद दिली नाही. देवानं माझं ऐकलं असं मी म्हटलं, तर त्यांचं का नाही ऐकलं हे मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागेल. मला ते जमणार नाही, आणि ज्या कुणाला जमतं त्याच्याशी मला बोलायचं नाही.

ते मात्र माझ्याशी बोलतात. त्यांच्या भागातलं कुणाचं मूल परळला गेलं की त्यांचा फोन येतो. मूल सुधारलं, ताप गेला, घरचे न्यायचं म्हणताहेत, जरा बोला. सुरुवातीला मी बोलायचो. पेशी, शून्यं, टक्केवारी, लव्हाळा. माणसं ऐकून घ्यायची, पण पटायचंच असं नाही. एकदा आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला. तेव्हापासून तीच बोलते, कारण पलीकडे बहुतेक वेळा कुणीतरी आजीच असते, आणि दोघींना एकमेकींची भाषा कळते. परवाच मी ऐकत होतो. पलीकडची बाई सांगत असावी, की देवीला ओटी बोलली होती, आठ दिवसांत गुण आला, आता जत्रेपर्यंत पोराला घरीच ठेवतो.

"ओटी भर ना, कोण नको म्हणतंय," आई म्हणाली. "मी पण भरली. पण देवीनं गुण दिलाय तो पुढचं औषध सोसावं म्हणून. तू जत्रेला जा, पोराला गर्दीत नेऊ नको. बरं, पुढची तारीख काय दिलीय? शुक्रवार? मग गुरुवारी रात्रीची गाडी आहे का तुमच्याकडनं? तिकीट काढलंय का?"